जिन्यावरचे पॅसेंजर

१८ नोव्हेंबर १९८६

मामा हो म्हणाला! शिकवणार! पण आधी माझी यथेच्छ सालं काढली.

गुणाजीमामा माझा सख्खा मामा नव्हे. आईच्या गावचा, म्हणून मामा. परदेशी प्रवासी बोटींवर फोटोग्राफर होता. गुडघे गेले, आता गोरेगावात घरी असतो. त्याच्याकडे मी पार्ल्याच्या स्टुडिओत काढलेले माझे चांगल्यातले चांगले फोटो घेऊन गेलो होतो. मुंज, साखरपुडा, पासपोर्ट, दोन नवरा-नवरी. मामा एकेक फोटो नाकाजवळ नेऊन बघत होता. मी मनात म्हटलं, आता शाबासकी.

म्हणाला, “लवू, तू लग्नाचे फोटो काढतस का मयताचे?”

सगळी माणसं ताठ बसलीत म्हणे. हसतायत तीही परवानगी घेऊन. मला राग आला, पण खोटं नव्हतं. आमच्याकडे माणसाला स्टुलावर बसवायचं, मान इकडे, खांदा तिकडे, हनुवटीला हात लावून चेहरा जरासा वर, ‘हलू नका’, आणि मग फोटो. सीतारामकाकांची शिस्त. काका म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक, बाबांच्या वाडीतले. मी त्यांच्या हाताखालीच शिकलो.

बोटीवर तसं नसतं. शेकडो माणसं बंदरावरून शिडी चढून वर येतात. प्रत्येकाला येता येता टिपायचं. मग फोटो धुऊन बोर्डावर लावायचे, ज्याला आवडेल तो विकत घेतो. नाही आवडला तर कचऱ्यात. म्हणजे माणूस आवडून घेईल असा चेहरा दोन पावलांत पकडायचा!

मामा माझ्या बोटीवरच्या नोकरीसाठी कंपनीच्या एजंटाकडे शब्द टाकणार. परीक्षा जानेवारीत. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

२० नोव्हेंबर

सांगितलं.

बाबा भाजी चिरत होते. चिरतच राहिले. “किती दिवस?” मी म्हटलं, एका वेळी आठ-नऊ महिने. डोक्यावरून सहारचं विमान गेलं. मरोळात विमान गेलं की बोलणं आपोआप थांबतं. ते गेल्यावर म्हणाले, “बरा.”

बस्स! बरा! वीस वर्षं गिरणीत यंत्रांच्या आवाजात काम केलेला माणूस, तिथे बोलून ऐकू जायचंच नाही, म्हणून असेल. संप झाला, गिरणी गेली, परळची खोली गेली, आता इंडस्ट्रियल इस्टेटीत खोके ठोकतात. पण बोलणं काही परत आलं नाही.

मी गेल्यावर घरात कोण? बाबा आणि भिंतीवरचा आईचा फोटो. आणि बाबा त्या फोटोकडे कधी बघतसुद्धा नाहीत. मी तरी कधी बघितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिला धडा. मामाच्या गॅलरीत. मामीला सात-आठ वेळा दारातून आत-बाहेर करायला लावलं, ती शेवटी “आता पोळ्ये तू लाट” म्हणून आत गेली.

मामा सांगतो, “माणूस बोटीर चढता तेव्हा गडबडीत आसता. तेका थांबवूचा नाय. तेच्या पुढे उलट्या पावलांनी चलूचा, नि टिपूचा.” ऐकायला सोपं. मी उलटा चालताना कुंडीवर बसलो.

आणि ‘हसा’ म्हणायचं नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. काहीतरी विचारायचं. मामाचा हुकमी प्रश्न — “सर, घरचा गॅस बंद केलात ना?” जोडपं एकमेकांकडे बघतं, मग हसतं. तेवढ्यात खटका! म्हणे जपानी असो नाहीतर अमेरिकन, गॅसची भीती सगळ्यांना सारखीच.

पण माझी खोड वेगळीच निघाली. मामी दारात आली की माझा डावा हात आपसूक तिच्या हनुवटीकडे जातो. मामाने फटकाच मारला. “परक्या बायलमाणसाच्या तोंडाक हात लावशीत तर पुढच्या बंदरात उतरवतले तुका!”

२६ नोव्हेंबर

आज स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या हनुवटीला हात लावला नाही. गिऱ्हाईकच म्हणालं, “अहो, तुम्ही नेहमी चेहरा नीट करता, आज नाही केला?”

३० नोव्हेंबर, रविवार

आज आमच्या चाळीच्या जिन्याची बोट झाली!

जिना चांगला रुंद आहे, कठड्याचा. ट्रकची जुनी ट्यूब आणली, पांढरी रंगवली, लाल पट्टे मारले, कठड्याला टांगली. पोरांनी कागदावर ‘मरोळ क्वीन’ लिहून वर चिकटवलं. मामाने त्याचा कॅमेरा दिलाय, फ्लॅशसकट. मी वरच्या पायरीवर. खालून चाळ चढणार.

आणि चढली की हो! मला वाटलं चार पोरं येतील. सगळी बिऱ्हाडं आली. साड्या बदलून, पावडर लावून. सगळ्यांच्या पुढे अंजनामावशी, आमची शेजारीण. रोज मासळी विकून आली की पाय पसरून जिन्यातच बसते. आज हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी. मी इंग्रजीत ‘वेलकम अबोर्ड, मॅडम’ म्हटलं. “तुजा बापूस मॅडम,” म्हणाली, पण खूश होती.

गॅसचा प्रश्न आमच्याकडे चालणार नाही म्हणून विचारलं, “मावशी, स्टोव्ह बंद केलास ना?”

“अगो बाय!” — आणि उलट्या पावली खाली पळाली! खरंच चालू होता. कालवण करपलं.

सगळे आले, बाबा नाही आले. ते मागच्या बाजूने, नळाकडच्या लोखंडी जिन्याने गुपचूप वर गेले.

एक गोष्ट इथेच लिहितो. कॅमेऱ्यात रोल नव्हता. मामाची अटच आहे, हात बसेपर्यंत रिकामा खटका मारायचा. रोल काय झाडाला लागतात? मी चाळीत सांगायला विसरलो. म्हणजे विसरलो नाही. एवढ्या नटून आल्यावर कसं सांगणार?

२ डिसेंबर

“लवू, फोटो धुतले का रे?” — पाच जणांनी विचारलं. मी प्रत्येकाला “होतायत” म्हटलं.

७ डिसेंबर

वाट लागली.

आज पुन्हा जिना, पुन्हा सगळे तयार. मावशी आज बहिणीला घेऊन आलेली, वर्सोव्याहून. मी उलटा चालताना पाय घसरला, कॅमेरा पडणार म्हणून छातीशी धरला, आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. एक पोर ओरडलं, “आत कायच नाय!”

 मग मावशी. “मेल्या, आमी नटूनथटून जिना चढलो आनि आत रोलच नाय? दोनदा?” तिच्या बहिणीसमोर! मी सांगायचा प्रयत्न केला की ही बोटीवरच्यांची पद्धतच आहे. कोण ऐकतंय. मावशीने डोक्यातली वेणी काढली आणि कठड्यावरच्या ट्यूबला अडकवली. “हिचाच काड फोटो.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

८ डिसेंबर

मावशी समोरून गेली. बघितलं नाही. वीस घरांत सुके बोंबील वाटले, आमच्याकडे नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

स्टुडिओतून दोन रोल आणले. काकांनी पगारातून कापीन म्हटलं, कापा म्हटलं. सकाळी मावशीच्या दारात गेलो आणि तिच्यासमोर रोल भरला. एकेक करून दाखवलं — हा इथे अडकला, हा असा फिरला, हे झाकण. तिने बोटाने चेपून बघितलं. “आता उगडणार नाय ना?” “नाही.” “थांब, लुगडं बदलते.”

मग काय, चाळ चढली! माझा हातही चालला. मामा खाली खुर्चीत बसून ओरडत होता, पण निम्माच. एकाच्याही हनुवटीला हात लावला नाही. डावा हात फ्लॅशच्या दांड्याला रुमालाने बांधूनच टाकला होता. मामाची युक्ती. आता समोरच्याची मान खाली असेल तर म्हणायचं, ‘माझ्या टाळक्यावर बघा, केस आहेत का अजून?’ माणूस आपोआप वर बघतो.

बाबा पुन्हा मागच्या जिन्याने.

जेवताना म्हटलं, “बाबा, तुमचा एक फोटो काढू द्या. मला बोटीवर न्यायचाय.”

“माझा तोंड काय बघूचा हा?”

“मला बघायचंय.”

“नको म्हटला ना.”

मी ताटावरून उठलो. चूक केली. बाबांनी माझा उरलेला आमटी-भात झाकून ठेवला. (सोमवार सकाळ: मला तोच गरम करून दिला.)

१९ डिसेंबर

फोटो बघून मावशी म्हणाली, “ही कोन भवानी?” तोंड उघडं, पडका दात दिसतोय, डोळे हसून बारीक झालेत. मग पदराने फोटो पुसला आणि आत नेला. नंतर दोन पापलेटं आली घरी!

स्टुडिओत आज कामच नव्हतं. काका खिडकीशी बसून एका म्हाताऱ्याचे डोळे उघडत होते. हे आमच्याकडचं नेहमीचं काम. माणूस जातं, मग घरच्यांच्या लक्षात येतं की एकट्याचा धड फोटोच नाही. कुठल्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात. त्यातला चेहरा मोठा करायचा, आणि काका बारीक ब्रशने उरलेलं रंगवतात. डोळे मिटलेले असले तर उघडून देतात.

आईचा फोटोही तसाच झालेला. आईच्या मावसबहिणीच्या लग्नातला घोळका, तिसऱ्या रांगेत आई, नेमकी पापणी मिटलेली. मी तेव्हा सहा वर्षांचा. आई गेल्यावर बाबा मला घेऊन या स्टुडिओत आले होते. मला एवढंच आठवतं — एक उंच स्टूल. काकांनी तोंडात लिमलेटची गोळी दिली आणि म्हणाले, “हलायचं नाही हं. माझ्याकडे बघ.” किती वेळ बसलो कुणास ठाऊक. गोळी संपली, दुसरी मिळाली. माझा फोटो काढला असावा, पण तो काही मी कधी बघितला नाही. मला वाटतं या धंद्याचं वेड मला तिथेच लागलं. गोळ्यांपायी!

काकांना विचारलं, “आईचे डोळे कशावरून काढलेत? तुम्ही तर तिला बघितलं नव्हतं.”

काका ब्रश धूत राहिले. “बापसाक विचार.”

बापसाला विचारायचं! भिंतीला विचारलेलं बरं.

खरं सांगायचं तर मला आईचा खरा चेहरा आता आठवत नाही. हाका आठवतात, हाताला खोबरेल तेलाचा वास आठवतो. चेहरा म्हटलं की भिंतीवरचाच येतो. कदाचित बाबांना खरा आठवतो, म्हणून हा बघवत नसेल. त्यांच्यासाठी ही दुसरीच कुणी बाई.

६ जानेवारी १९८७

नापास.

काल परीक्षा झाली. लिहायची इच्छा नव्हती, आज लिहितो. सहारजवळच्या मोठ्या हॉटेलात कसलीशी पार्टी. एजंट आणि कंपनीचा गोरा साहेब कोपऱ्यात. मी दारात. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला टिपायचं, एवढंच. सुरुवात झकास झाली. गॅसचा प्रश्न इंग्रजीत विचारला, लोक हसले, साहेबही हसला. हात रुमालाने बांधला नव्हता — साहेबासमोर बरं दिसणार नाही म्हणून.

मग एक बाई आल्या. एकट्या, वयस्क, मोत्याची माळ, मान खाली. कुणीतरी नुकतंच काहीतरी लागट बोललं असावं असा चेहरा. मला टाळकं आठवलं नाही, गॅस आठवला नाही. मला एवढंच वाटलं की हा चेहरा असा खाली राहू नये. हात गेला. हनुवटीला लागला.

बाई दचकून मागे सरल्या. हातातला पेला पडला. मागून त्यांचे यजमान धावत आले, माझा हात झटकला, काय काय बोलले. मी सॉरी, सॉरी म्हणत होतो. गोऱ्या साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं. मामा भिंतीकडे बघत होता.

परत येताना रिक्षात मी मामाला म्हटलं, शिव्या घाल. त्याने मरोळ नाक्याला मला उतरवलं आणि म्हणाला, “जा घरी.”

बाबांना माझ्याकडे बघूनच कळलं. विचारलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. थोड्या वेळाने सोलकढीचा वास आला. आईनंतर आमच्याकडे सोलकढी बाबांनी कधी केलीच नव्हती! नारळ कुठून आणला, कधी खवला, मला पत्ता नाही. पेला माझ्या डोक्याशी ठेवला. मी उठलो, प्यायलो. मीठ जास्त होतं.

सगळं सांगितलं. बाईंचं, माळेचं, पेल्याचं. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तिचा तोंड खाली होता?”

“हो.”

“मगे तुझो हात वायट नाय. फक्त जागो चुकलो.”

एवढं लांब वाक्य बाबा माझ्याशी कधी बोलले होते ते आठवत नाही. मी रडलो. लिहायला कसली लाज, हे कोण वाचणार आहे.

११ जानेवारी

मामा स्वतः मरोळला आला. ते गुडघे घेऊन जिना चढला! “पॅसेंजर खय गेले सगळे?” म्हणून जिन्यातूनच ओरडला. एजंटाचं म्हणणं, फोटो चांगले आलेत, मुलगा वाईट नाही, हात वाईट आहे. महिनाअखेर आणखी एकदा बघू. मामाने त्याच्या किती विनवण्या केल्या असतील ते मामाच जाणे.

आता रोज संध्याकाळी जिना. रुमाल सक्तीचा.

१५ जानेवारी

कालच्या तिळगुळाला सगळ्या बायका जिन्यातच वाण लुटत होत्या. एवढे पॅसेंजर आयते कुठे मिळणार! मावशी म्हणाली, “तू बोटीवर गेलास की आमाला कोन मॅडम म्हननार रे?” आणि तिळाची वडी माझ्या तोंडात कोंबली, माझा हात बांधलेला म्हणून.

१ फेब्रुवारी

पास! पास! पास!

रुमाल बांधूनच गेलो. साहेबाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, “सर, बॅड हँड.” तो इतका हसला की मी त्याचाच फोटो काढला. तोच फोटो बघून म्हणाला, हा मी विकत घेईन.

मामाने हॉटेलबाहेर मला मिठी मारली. मग लगेच ओरडला, बूट पुसले नव्हते म्हणून.

बाबा कामावरून यायच्या आधीच मावशीने चाळभर केलं होतं. बाबांना जिन्यातच कळलं. वर आले, डबा ठेवला, म्हणाले, “बरा झाला.” आधी बरा, आता बरा झाला. प्रगती आहे!

मग आईच्या फोटोखाली देवळीत रोज ठेवतात तसं एक फूल ठेवलं. खाली मान घालूनच.

१५ फेब्रुवारी

आज मी वाईट वागलो.

बॅग भरत होतो. पासपोर्ट, खलाशाचं नोंदणीपुस्तक, दोन स्वेटर. पेटीच्या तळाशी चंदनाचा हार सापडला. माझ्या पहिल्या पगारातून मीच आणला होता, आईच्या फोटोला घालायला. तेव्हा बाबांनी हातातून घेतला, कागदात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. मी विचारलं तर “नको” एवढंच. अख्ख्या चाळीत गेलेल्या माणसांच्या फोटोंना हार आहेत, आमच्याच घरात नाही. लहानपणी पोरं विचारायची, “तुझी आई जिवंत आहे का रे?”

तो हार हातात घेऊन मी म्हटलं, “मी जायच्या आधी एकदा घालू द्या.”

“नको.”

मग माझा तोल गेला. “तुम्हाला तो फोटोच आवडत नाही! कधी बघता तरी का त्याच्याकडे? खोटे डोळे आहेत म्हणून ना? मग काढून टाका! मला एवढीच आई आहे, बाबा. तीही तुम्ही अशी टांगून ठेवलीय — ना हार, ना नजर!”

बाबांनी हार माझ्या हातातून घेतला. परत कागदात गुंडाळला. किती हळू गुंडाळला! चपला घातल्या आणि बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा माझ्यासाठी लोणच्याची बरणी घेऊन. “बोटीर जेवण सपक आसता म्हणतत.”

माफी मागायला तोंड उघडलं, आणि वरून विमान गेलं. ते गेल्यावर धीर गेला.

१७ फेब्रुवारी

तिकीट आलं. बावीस तारखेचं. आधी विमानाने ग्रीस, तिथून बोट.

मावशीने तिकीट उलटंसुलटं करून बघितलं. “एवडासा कागूद?”

२१ फेब्रुवारी

शेवटचा जिना.

मी काही ठरवलं नव्हतं. चाळीनेच ठरवलं. ट्यूब पुन्हा रंगवून टांगली, ‘मरोळ क्वीन’ला झेंडूची माळ. मामा खाली खुर्चीत. मी रोल सगळ्यांना दाखवून भरला — आता ती रीतच झालीय — आणि वर उभा राहिलो. सगळे चढले. मावशी सगळ्यांच्या आधी चढली, परत खाली जाऊन सगळ्यांच्या नंतर पुन्हा चढली. “मी दोन तिकटांची.”

रोल संपत आला होता. मी रुमाल सोडला. आणि खाली बघितलं तर बाबा.

पांढरा शर्ट. इस्त्रीचा! केसांना पाणी लावून भांग पाडलेला. एका हाताने कठडा धरून एकेक पायरी चढत होते.  मला इंग्रजी आठवेना. शेवटी मराठीतच म्हटलं, “या बाबा. स्टोव्ह बंद केलात ना?”

“तूच केलस मा रे,” बाबा म्हणाले. मान खालीच.

टाळक्यावर बघा म्हणावं असं वाटलं नाही. मी दोन पायऱ्या खाली उतरलो आणि हनुवटीला हात लावला. दाढी गुळगुळीत केली होती तरी खरखरीत. जन्मात मी बाबांच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. हळूच वर केला. बाबांनी माझ्याकडे बघितलं — अगदी सरळ, डोळ्यांत. मला तर खटका दाबायचंच सुचेना. मग दाबला.

मामा काही ओरडला नाही. नाक शिंकरत होता.

तिथल्या तिथे बाबांचा हात धरला आणि म्हटलं, “परवा बोललो ते...” “गप,” म्हणाले. “रोल भिजात तुझो.”

लगेच स्टुडिओत पळालो. काकांनी स्वतः धुऊन दिला. बाबा असे दिसतात हे मला माहीतच नव्हतं. काकांनी माझाही एक काढला, बाबांना द्यायला. स्टूल तेच. म्हणाले, “हलायचं नाही हं. माझ्याकडे बघ.” मी म्हटलं, “गोळी?” खणातून काढून दिली!

२२ फेब्रुवारी, विमानात

खाली मरोळ असेल. ढगांमुळे दिसत नाही.

विमानतळाच्या दारात मी बाबांना माझा फोटो दिला. त्यांनी बघितला, आणि परत माझ्या खिशात घातला. “माका नको. तू घरातच आसस.”

मला कळेना. तेव्हा बोलले. “आवशीचे डोळे मिटलेले होते. सीतारामान तुका स्टुलार बसवलो, नि तुझ्याकडे बघून काढल्यान. तिका बघलेल्या सगळ्यांनी सांगला, हे तेच डोळे. तू कामार गेलस की मी चाय घेऊन थय बसतंय. तू घरात आसताना कशाक बघू? तू समोरच आसतस.”

मी म्हटलं, “मग हार?”

“जित्या डोळ्यांका हार कसो घालू, लवू?”

आत जायची हाक आली. मी त्यांच्या हनुवटीला हात लावायला गेलो, पण आज बाबांची मान वरच होती.